अठराशे सत्त्याहत्तरपर्यंत

सकाळची पोरं शाळेत उतरवून
ओडेट मिशो बस उभी करते वाचनालयाच्या मागे,
जिथे वायफायच्या दोन काड्या येतात.
इंजिन बंद, हीटर बंद, डिझेल शाळेचं आहे.
मांडीवर घोंगडी, घोंगडीवर लॅपटॉप,
लॅपटॉपवर सतराशे त्र्याहत्तर:
बॉस्टनच्या बंदरात चहा बुडतोय
आणि थर्मासातली कॉफी गार होतेय.

महिन्याचे नव्याण्णव डॉलर.
महिनाभरात झेपेल तेवढं शिका,
महिना उलटला की पुन्हा नव्याण्णव.
म्हणून क्रांती तिने चार दिवसांत उरकली,
राज्यघटना शनिवारी, कपडे वाळेपर्यंत.
यादवी युद्धाला मात्र आठवडा गेला.
एवढी माणसं मरायला वेळ लागतोच, म्हणाली.
कुणाला म्हणाली?
समोरच्या आरशाला. त्यात अठ्ठेचाळीस रिकाम्या सीट.

तीन क्रेडिट. पदवीला लागतात एकशेवीस.
तिच्याकडे एकतीस आहेत, शहाण्णव सालची,
थोरल्याच्या जन्माआधीची.
कॉलेज म्हणालं, चालतील, नासलेली नाहीत.
ती वहीत बेरीज करते, मग पुन्हा करते,
जणू दुसऱ्या खेपेला थोडी जास्त भरेल.

क्रेडिट हा शब्द तिला लहानपणापासून ठाऊक:
पेलेत्येच्या दुकानात, फळ्यावर,
बापाच्या नावापुढे लिहिलेलं असायचं ते.
बटाटे निघाले की देऊ.
आपल्याकडे एकाला उधारी म्हणतात, दुसऱ्याला श्रेय.
तिच्याकडे दोन्हींना शब्द एकच,
आणि तो आधी फेडावा लागतो.

परीक्षेच्या दिवशी पडद्यावर एक पोरगा आला,
कुठल्या देशातला कोण जाणे, त्याच्या खिडकीत रात्र.
कॅमेरा खोलीभर फिरवा, मॅडम.
तिने फिरवला:
काचा, काचांवर गोठलेली जाळी,
सातव्या ओळीत कुणाचा तरी विसरलेला लाल हातमोजा.
ही खोली आहे?
बस आहे.
तो जरा थांबला. त्याच्या नियमांत बस नव्हती.
आणखी कोणी आहे तिथे?
दोन पन्नासपर्यंत नाही.

पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार दारं.
बोटं आखडली, तिने ती काखेत धरली,
तर पोरगा म्हणाला, हात दिसू द्या.

एक्काहत्तर. सत्तरला पास.
एक टक्का वाया गेला, ती म्हणाली,
आणि एकटीच हसली, बसभर.

अभ्यासक्रम तिथेच संपतो, अठराशे सत्त्याहत्तरला.
दक्षिणेतून सैन्य माघारी येतं,
पडदा पांढरा होतो,
खाली निळं बटण: भाग दुसरा.
त्या बटणापलीकडे कुठेतरी तिची आई आहे,
आठ वर्षांची, वर्गात, भिंतीकडे तोंड करून.
घरची फ्रेंच तोंडातून निसटली म्हणून
खडूने शंभर वेळा लिहितेय:
मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही.
ब्याण्णवाव्या ओळीला खडू मोडला, आई सांगायची.
फ्रेंचमध्येच सांगायची.

अनुक्रमणिका फुकट बघता येते. ओडेटने बघितली.
रेल्वे, पोलाद, दोन महायुद्धं, चंद्र.
त्या शंभरातली एकही ओळ नाही.
तरी घेणार आहे ती. शुक्रवारी,
पगार झाला की.

दोन चाळीस. किल्ली फिरवली,
बस खोकली, मग लागली.
शाळेच्या फाटकात सगळ्यांत शेवटी चढलं
एका हाताला फुंकर घालत येणारं थिबोदोंचं धाकटं.
तिने हातमोजा पुढे केला आणि म्हणाली, घे,
पण आईच्या भाषेत.
शब्द त्याला कळला नाही.
हात पुढे आला.